लाईट जाताना मेला

बंद पडलेली कुठलीही वस्तू पाईकरावांपुढे ठेवली की तिला हात लावायच्या आधी ते विचारत, "कवा मेला? लाईट येताना का जाताना?"

लोक "काल" म्हणत. कुणी "सासऱ्यानं दिला तवापासून असाच हाय" असं सांगे. पाईकराव मान हलवत आणि तोच प्रश्न आणखी हळू आवाजात पुन्हा विचारत. आमच्या गावच्या न्हाव्यानं एकदा त्यांच्याकडे टेपरेकॉर्डर आणला. तो वैतागून म्हणाला, "मला काय म्हाईत? मी गिऱ्हाइकाची दाढी करून राहिलो व्हतो." पाईकरावांनी विचारलं, "दाढी अर्धी ऱ्हायली का पुरी झाली?" अर्धी राहिली होती. गिऱ्हाईक मीच होतो, त्यामुळे मला पक्कं आठवतं. "मंग जाताना," असं म्हणून पाईकरावांनी स्क्रू काढायला घेतले.

मी तेव्हा वसमत तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात औषधनिर्माता होतो. हिंगोली जिल्हा नुकताच परभणीपासून वेगळा झाला होता. पाईकराव आरोग्य खात्याचे फ्रीज मेकॅनिक. लशी दोन ते आठ डिग्रीच्या मध्ये ठेवाव्या लागतात, आणि अकरा केंद्रांतले लशींचे फ्रीज त्या दोन आकड्यांच्या मध्ये ठेवणं ही या एका माणसाची नोकरी होती. उंच, किडकिडीत, पांढरा बुशशर्ट, खिशात पेनाच्या जागी टेस्टर. लुनावर बसले की गुडघे हँडलच्या वर यायचे. तारा डाग देऊन जोडायची सोल्डरची इस्त्री ते जेवणाच्या डब्यात ठेवत आणि जेवण वर्तमानपत्रात गुंडाळून आणत.

त्यांच्या घरी वहिनींची एक कायमची तक्रार होती. धुण्याआधी शर्टाचे खिसे उलटे केले की बारीक काळे-तपकिरी दाणे पडत. मी एकदा जेवायला गेलो होतो तर वाढता वाढता म्हणाल्या, "वरणात कायी कडक लागलं तर चावू नका भाऊ. बाजूला काढून ह्यांच्याकडं द्या, ते शोधूनच राहिले असतील." पाईकराव खाली मान घालून जेवत होते. जेवण झाल्यावर त्यांनी माझ्या ताटाच्या कडेला खरोखर नजर टाकली.

येताना का जाताना, हा प्रश्न मात्र ते सुरुवातीपासून विचारत नव्हते. सुरुवातीला त्यांचंही मत गावासारखंच होतं. आमच्याकडे लाईट दिवसातून चार-पाच वेळा जायची, आणि सगळ्यांचं ठाम म्हणणं असं की जाताना ती बिचारी गुपचूप जाते, येताना मात्र जोरात येते आणि वस्तू जाळते. म्हणून लाईट गेली की बाया हातातलं पीठ तसंच ठेवून टीव्हीचं बटण बंद करायला धावत. येणाऱ्या लाईटीवर सगळ्या गावाचा डोळा होता. जाणाऱ्या लाईटीवर कुणाचा संशय नव्हता.

आमच्या फ्रीजचा थर्मोस्टॅट खराब झाला तेव्हा नवा यायला किती दिवस लागतील याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. पाईकरावांनी मग स्वतःच एक पेटी बनवली. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याएवढी. पुढे लाल आकड्यांत डिग्री दिसायची, आणि थंडी कमी झाली की पेटी फ्रीज चालू करायची, पुरेशी झाली की बंद करायची. पेटी इतकी बराबर चालली की हळूहळू अकराही केंद्रांत तशीच पेटी लागली. या कामाला मंजुरी नव्हती. मंजुरी नाही म्हणून कुणी लशी गरम होऊ द्या असंही म्हणालं नव्हतं.

पेटीच्या पोटात मुख्य माल म्हणजे रेग्युलेटर. तीन पायांचा, नखाएवढा काळा तुकडा. एका पायातून चोवीस व्होल्ट आत घ्यायचे, त्याचे बारा करून दुसऱ्या पायातून बाहेर सोडायचे, एवढंच त्याचं काम. येणाऱ्या लाईटीचा पाईकरावांनी कडेकोट बंदोबस्त केला होता. फ्यूज, त्याच्यापुढे आणखी एक फ्यूज. आणि मग आमच्या भागातला माणूसच करील अशा दोन सुधारणा त्यांनी केल्या. पहिली अशी की लाईट गेल्यावरही आकडे थोडा वेळ दिसावेत, म्हणजे शेवटची डिग्री वहीत लिहिता येईल. त्यासाठी त्यांनी बारा व्होल्टच्या बाजूला एक मोठा कंडेन्सर लावला. कंडेन्सर म्हणजे थोडी वीज साठवून धरणारा डबा. दुसरी अशी की लाईट गेली हे बाहेर कळावं. त्यासाठी वारंगा फाट्याहून ट्रकचा जुना हॉर्न आणला आणि चोवीस व्होल्टच्या बाजूला जोडला. लाईट गेली रे गेली की तो एकदा "पँ" करायचा आणि गप्प व्हायचा. बाकावर बसलेले पेशंट मग एकमेकांना सांगत, "गेली." डोक्यावरचा पंखा थांबलेला असायचा, पण हॉर्न वाजल्याशिवाय लाईट गेल्याचं कुणी मानत नसे.

पेटी वर्षभर चालली. मग मे महिन्यातल्या एका सोमवारी ती घटना घडली.

सोमवार हा लसीकरणाचा दिवस. लेकरं घेऊन आलेल्या बायांनी व्हरांडा भरला होता. आमच्या केंद्रात राठोड सिस्टर होत्या. कळमनुरीकडच्या तांड्यावरच्या, नोकरी अजून कच्ची, कायम व्हायला काही महिने उरलेले. त्यांच्या तांड्यावरून सरकारी नोकरीत आलेली ती पहिलीच बाई. त्यांनी फ्रीज उघडला, एक बाटली हातात घेतली, आणि तशाच उभ्या राहिल्या. बाटली कोमट होती. पेटीवर आकडा नव्हता. लाईट तर चालू होती.

सिस्टरनं एकही सुई भरली नाही. बाहेर येऊन म्हणाल्या, "आज न्हाई बायांनो. लस खराब झाली. पुढच्या सोमवारी या." कडेवरची लेकरं घेऊन बाया उन्हात माघारी गेल्या. काही जणी बोलल्या, आणि ते बोलणं सिस्टरनं ऐकून घेतलं. मग त्यांनी स्वतःच्या हातानं अहवाल लिहिला. गुपचूप टोचलं असतं तर त्या दिवशी कुणाला कळलं नसतं.

अहवाल वर गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच वरून नोटीस आली. शनिवारी दुपारी खोलीला कुलूप लावलं ते सिस्टरनं, चावी सिस्टरकडे, तेव्हा फ्रीजचं बटण बंद राहिलं असणार, असं वरच्यांनी धरलं होतं. कच्च्या नोकरीच्या माणसाला काढायला एवढं पुरतं. केंद्रातही सगळे तेच बोलू लागले. मीही मनातून तेच धरलं होतं, आणि हे लिहिताना आजही लाज वाटते.

पाईकराव मंगळवारी आले. पेटी उघडून बराच वेळ नुसते बघत बसले. मग विचारलं, "सिस्टर, शनिवारी कुलूप लावताना आकडा दिसून राहिला व्हता का?"

"व्हय भाऊ. चार व्हता. म्या वहीत लिवला. पायरी उतरले तर हॉर्न वाजला."

"म्हंजे लाईट गेली."

"गेली. पन बटन म्या न्हाई बंद केलं. लेकराची आन."

"आन काहून घेता? पेटी सांगील."

ते पेटी घरी घेऊन गेले. तीन दिवस त्यांनी नवे नवे रेग्युलेटर लावून लाईट चालू-बंद करून पाहिली. वहिनी सांगत होत्या की तीन दिवस घरात हॉर्न वाजत होता आणि गल्लीतले लोक विचारून राहिले होते की ट्रक घेतला का. शुक्रवारी पाईकराव केंद्रात आले, सिस्टरसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तुमचा दोष न्हाई. माझा हाय."

मला त्यांनी समजावलं ते असं. "विहिरीवरची मोटार बंद पडली की पाइपातलं पानी काय करतं?"

"खाली येतं."

"कुठून? मोटारीतूनच ना? पंखा उलटा फिरतो ना?"

पेटीत तेच झालं होतं. लाईट गेली की हॉर्न चोवीसच्या बाजूची उरलीसुरली वीज एका दमात पिऊन टाकायचा. तिकडे शून्य. इकडे मोठ्या कंडेन्सरमध्ये बारा व्होल्ट अजून भरलेले. ते जाणार कुठे? रेग्युलेटरमधूनच उलटे माघारी. रेग्युलेटर चोवीसचे बारा करायला बनलेला, उलट्या वाटेची त्याला सवय नाही. पहिल्या धक्क्याला तो मरत नाही. सोसत राहतो, आणि एका शनिवारी मरतो. त्याच्यावरून एक डायोड टाकला असता, म्हणजे एकाच दिशेनं वीज सोडणारा दाणा, तर परतणारी वीज त्या बाजूच्या वाटेनं निघून गेली असती. एरवी तो दाणा काहीच करत नाही. "येनाऱ्यासाठी दोन फ्यूज लावले म्या," पाईकराव म्हणाले. "जानाऱ्याचा इचारच केला न्हाई."

सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, हे साहेबाला कोन समजावून सांगील?"

चौकशी हिंगोलीला होती, केंद्राचा औषधनिर्माता म्हणून मलाही बोलावलं होतं. चौकशी करणारे साहेब शांत माणूस होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "करून दाखवा." पाईकरावांनी टेबलावर पेटी मांडली, तिच्यात घरी बरेच धक्के सोसून जिवंत उरलेला एक रेग्युलेटर बसवला. मग पिशवीतून ट्रकचा हॉर्न काढला. साहेब म्हणाले, "कार्यालयात हॉर्न नको." पाईकरावांनी तो निमूट पिशवीत ठेवला.

मग ते बटण चालू-बंद करू लागले. चालू केलं की आकडे उजळत. बंद केलं की हळूहळू विझत. चालू. बंद. सिस्टर खुर्चीच्या कडेला बसून त्या आकड्यांकडे बघत होत्या. त्यांची नोकरी राहायची तर आकडे विझून परत यायला नको होते. ते दर वेळी परत येत होते, आधीपेक्षा ठसठशीत. साहेबांनी दोन फायली हातावेगळ्या केल्या. चहा आला. शिपाई मोजत होता, त्याच्या हिशेबानं बासष्ट वेळा झालं होतं.

"काय हो पाईकराव," साहेब म्हणाले, "तुमची पेटी तर चांगली चालते."

"तेच तर चुकून राहिलंय साहेब," पाईकराव म्हणाले. त्यांना इतकं घामाघूम झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. सिस्टरनं पदर तोंडाला लावला होता.

आणि एकदम त्यांनी कपाळावर हात मारला. "हॉर्न न्हाई ना! पिनाराच न्हाई, तर तिकडं शून्य व्हईल कसं?" ते तडक उठून बाहेर गेले. सरकारी जीपचे ड्रायव्हर हमीदभाई झाडाखाली बसले होते. पाईकरावांनी त्यांच्याकडे जीपचे पुढचे दोन्ही बल्ब मागितले.

"दोनों? अरे, गाडी अंधी करोगे क्या?"

"जीपचा बल्ब बाराचा असतो भाई. चोवीसला दोन लागतात."

"मेरे को मत समझाओ. साहब को बोलो."

साहेबांनी खिडकीतून मान हलवली. हमीदभाईंनी दोन्ही बल्ब काढून दिले आणि ते परत बसेपर्यंत जागचे हलले नाहीत. हॉर्नच्या जागी बल्ब लागले. बटण बंद केलं की ते एकदा लखकन पेटून विझत, आवाज मात्र नाही. पहिल्यांदा आकडे परत आले. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आले. चौथ्यांदा बटण चालू केलं आणि पेटी काळी ती काळीच राहिली.

"मेला!" सिस्टर ओरडल्या. मग त्यांना रडू आलं. शिपाईसुद्धा हसला. यंत्र बंद पडल्याचा एवढा आनंद मी सरकारी कार्यालयात दुसऱ्यांदा पाहिला नाही.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. साहेबांनी पेन उघडलं आणि फार चांगुलपणानं म्हणाले, "ठीक आहे. मी लिहितो, वीज परत येताना दाब अचानक वाढला, त्यामुळे बिघाड. कुणाचाच दोष नाही. सिस्टर मोकळ्या, तुम्हीपण मोकळे."

पाईकराव म्हणाले, "पन तो येताना न्हाई मेला साहेब. जाताना मेला."

"काय फरक पडतो?"

"दाब वाढला असं लिवलं तर वरून स्टॅबिलायझर देतील. त्यानं हे थांबत न्हाई. अजून धा पेट्या तशाच हायेत, धा केंद्रांत. तिथं बी एक एक सिस्टर हाय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग पेटी कुणी बनवली, कुणाच्या परवानगीनं लावली, तेही लिहावं लागेल."

"लिवा."

"भाऊ, असू द्या ना," सिस्टर हळूच म्हणाल्या. मी टेबलाखालून पाईकरावांच्या पायाला पाय मारला. पाईकरावांनी माझ्याकडे पाहिलं, आपला पाय मधे येत असावा असं समजून तो बाजूला घेतला, आणि साहेबांकडून कोरा कागद मागून घेतला. जबाब त्यांनी स्वतःच लिहिला. अक्षर मोत्यासारखं होतं. दोन फ्यूज लावल्याचंही लिहिलं आणि डायोड न लावल्याचंही.

सिस्टरची नोटीस रद्द झाली. पाईकरावांची वेतनवाढ थांबली, बदली हिंगोलीच्या भांडारात झाली, आणि पुढे कोणतंही उपकरण उघडू नये असा लेखी आदेश निघाला. मी त्यांच्यावर कितीतरी महिने चिडून होतो. एक वाक्य सोडून दिलं असतं तर काय बिघडलं असतं? तेव्हाही मला उत्तर माहीत होतं, म्हणून राग जास्त येत होता.

आता सरकारी आदेश सही करून हातात घेतल्याशिवाय लागू होत नाही, हे आमच्या खात्यात झाडूवाल्यापासून सगळ्यांना माहीत असतं. आदेश निघाला ही बातमी पाईकरावांना आदेशाच्या आधी मिळाली, आणि त्या दिवसापासून ते कुणाला सापडेनात. शिपाई कागद घेऊन घरी गेला की वहिनी सांगत, "हट्ट्याकडं गेले." तो हट्ट्याला पोचला की तिथे कळे, आत्ताच कुरुंद्याकडं गेले. लुना पुढे आणि आदेश मागे, असं नऊ दिवस चाललं. दर ठिकाणी पेटी उघडायची, एक डायोड डाग देऊन बसवायचा, झाकण लावायचं, पुढे निघायचं. आमच्या केंद्राची पेटी त्यांनी शेवटी ठेवली होती, आणि शिपायानं त्यांना तिथेच गाठलं.

"पाईकराव, सही करा."

"दोन टाके ऱ्हायलेत."

शिपायानं विचार केला आणि बाकावर बसला. सिस्टरनं त्याला चहा दिला, तो त्यानं बशीत ओतून फार सावकाश प्याला. टाके झाले. पाईकरावांनी झाकण लावलं, हात पुसले आणि सही केली.

पुढची पाच-सहा वर्षं ते भांडारात खोके मोजत होते. आदेश त्यांनी अक्षरशः पाळला, निदान सरकारी वस्तूंच्या बाबतीत. गावातले रेडिओ, विहाराचा अ‍ॅम्प्लिफायर, मशिदीचा भोंगा, तांड्यावरचे टीव्ही घरी येत राहिले, आणि प्रत्येकाला तो एकच प्रश्न विचारला जात राहिला. कुणी काही न सांगता दिलं तरी परत जाताना त्यात एक जादा दाणा बसलेला असे. त्यांच्या खिशातून पडणारे दाणे हेच होते.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आमच्याच केंद्रात. सरकारनं सगळीकडे कंपनीच्या नव्या पेट्या पाठवल्या होत्या, आणि भांडारातर्फे त्या पोचवायला जीपमधून पाईकराव आले. निवृत्तीला दोन महिने उरले होते. केस पार पांढरे झाले होते, शर्ट तोच. राठोड सिस्टर आता कायम होत्या, केंद्राच्या मोठ्या सिस्टर होत्या. त्यांनी पावतीवर सही केली. पाईकराव निघाले नाहीत. नव्या पेटीकडे बघत उभे राहिले.

"काय भाऊ?"

"आत कसं हाय ते बघावं वाटून राहिलं."

"मंग बघा की."

"आदेश हाय ना मला. उघडू नये म्हनून."

सिस्टरनं ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर काढला, पेटी स्वतःकडे ओढली आणि चार स्क्रू स्वतः फिरवून झाकण उचललं. "माझ्या नावावर घेतलीय आता," त्या म्हणाल्या. "म्या उघडली. तुमी नुस्तं बघा."

पाईकरावांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि वाकले. बाहेर हमीदभाईंनी दोनदा गाडी चालू करून बंद केली, तरी ते वाकलेलेच. मला वाटलं त्यांना दिसत नसावं, मी चष्मा पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"हाय," ते म्हणाले.

"काय हाय?"

"डायोड. रेग्युलेटरवरून टाकलेला." ते सरळ झाले. डोळे ओले होते, पण चेहरा रोजच्यासारखाच. "म्हंजे सिस्टर, तिकडं कंपनीत बी कुनीतरी खरं लिवून दिलं असंल."